पाळणुकीचा सोमवार

२ जून, सोमवार

ही डायरी ह्यांनी आणून दिली. ह्यांची निपाणीच्या बँकेत बदली झाल्यापासून मी रोज संध्याकाळी फोन करून दिवसभराची भीती त्यांच्या कानात ओतते, आणि ते पलीकडून नुसते 'हूं, हूं' करतात. शनिवारी घरी आले ते ही घेऊनच. म्हणाले, "माधवी, यात लिही. हिला कंटाळा येत नाही." बायकोचं तोंड बंद करायची ही रीत मला आवडली नाही, पण डायरी चांगली जाड आहे.

तर लिहिते. मी भित्री आहे. पालीला भिते, विजेला भिते, साहेबांच्या फोनला तर फारच भिते. सीमाभागातल्या वडगावच्या विणकरांच्या गल्लीतल्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका इतकी भित्री आहे हे पोरांना कळलं तर माझी धडगत नाही. आज शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पट आणखी उतरलेला दिसला. पट असाच उतरत गेला तर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करणार असं वरून सांगून झालंय. एकदा विलीन झाली की ही पोरं लांबच्या शाळेत चालत जाणार नाहीत. मुली तर घरी मागाच्या कांड्या भरायलाच बसतील.

मला एकच आधार आहे, तो अंगणातल्या विहिरीचा. नळ आले तेव्हा गल्लीनं ती कचऱ्यानं बुजवली होती. मग नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं तशी सगळ्यांना तिची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती उपसली. शाळा समितीचा अध्यक्ष नागेंद्र स्वतः आत उतरला होता. शाळेमागेच त्याचा सूत रंगवायचा कारखाना आहे. पोरांनी छपराचं पाणी पाईपनं विहिरीत सोडलं, गल्लीतल्या घराघरांत जाऊन तेच करायला लावलं, मागावरचा टाकाऊ दोरा जाळायचा नाही म्हणून मोठ्या माणसांशी भांडली. पाणी तपासून घेतलं, पिण्याजोगं निघालं. आता बिशी ऊटा, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण, याच पाण्यावर शिजतं. भिंतीबाहेर एक तोटी काढलीय, तिच्यावर खालची चाळ पाणी भरते. यंदा मे महिन्यातही विहीर आटली नाही.

जुलैत 'हरित शाळा' म्हणून तपासणीला साहेब येणार आहेत. त्यात पास झालो तर शाळेला कोणी हात लावणार नाही. नापास झालो तर काय, याचा विचार आज करायचा नाही असं ठरवून सकाळपासून तोच करतेय.

११ जून, बुधवार

पाऊस लागलाय. विहिरीचं पाणी वर आलं.

प्रार्थनेनंतर मी नेहमीप्रमाणे एक ग्लास विहिरीचं पाणी सगळ्यांसमोर प्याले. विहीर उपसली त्या वर्षी पालक कुरकुरले होते, "बाई, असलं पाणी पोरांना?" तेव्हा मी सगळ्यांदेखत ग्लास भरून घटाघटा प्याले आणि टाळ्या पडल्या. आयुष्यात मी केलेली धाडसाची गोष्ट ती एवढीच. तेव्हापासून रोजचा नेम झाला.

आज टाळ्या नाहीत. नागेंद्रची मुलगी प्रियदर्शनी सातवीत आहे, ग्लास आणून द्यायचा मान तिचा. तिनं अर्धं पाणी वाटेतच सांडलं. मी सगळ्यांसमोर रागावले आणि पुन्हा भरून आणायला लावलं. पोर खाली मान घालून गेली. आता वाटतंय, एवढं बोलायला नको होतं.

पाण्याला जरा लोखंडी चव येते. नवा पाईप असेल.

१९ जून, गुरुवार

आज काहीतरी विचित्र पाहिलं. शाळेत लवकर गेले होते. मागच्या गेटापाशी गल्लीतल्या चार-पाच बायका उभ्या, कडेवर घागरी, डोईवर पदर. आमची स्वयंपाकीण शालूबाई गेट उघडून त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. मला पाहिलं आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

"काय गं, काय चाललंय?"

"काय न्हाय बाई, असंच," शालूबाई म्हणाली. "ह्या आपल्या जात हुत्या, म्हटलं दोन शब्द बोलावं."

मागच्या गेटातून कुणी कुठं जात नाही. तिथून पुढं नागेंद्रच्या कारखान्याची भिंत आहे. त्यांच्यात नागेंद्रची आई जयाबाईसुद्धा होत्या. गल्लीत त्यांचा शब्द चालतो. जत्रेचे वार त्याच सांगतात, बारशाला नाव त्याच सुचवतात, आणि दोन घरांत भांडण झालं तर मध्ये त्याच बसतात. माझ्याशी नेहमी भरभरून बोलणाऱ्या बाई, पण आज नजर चुकवून गेल्या.

मनात पाल चुकचुकली. पलीकडच्या रस्त्याला नवी इंग्रजी शाळा निघालीय, तिची माणसं घरोघर हिंडतायत. या बायका पोरं काढून घ्यायच्या बेतात असतील आणि शालूबाई आतून मिळाली असेल. शालूबाईची नोकरीसुद्धा शाळेवरच आहे, ती का मिळेल, हे मनाला विचारून पाहिलं. मन ऐकत नाही.

२४ जून, मंगळवार

आज पाळणुकीचा पहिला वार. मंगाईच्या जत्रेआधीचे हे मंगळवार आमची गल्ली कडक पाळते. जमिनीला कुदळ लावायची नाही, माग चालवायचा नाही, रंगाची भट्टी आदल्या संध्याकाळीच विझवायची. एरवी वर्गात खटक-खटक आवाजावर ओरडून शिकवायची सवय, आज इतकी शांतता की माझाच आवाज ऐकून मी दचकले. खानापूरकडच्या माझ्या माहेरीही वार पाळतात, तिथं शेतं गप्प होतात. शेतं तशीही गप्पच असतात. माग गप्प झाले की छातीत धडधडतं.

प्रियदर्शनीनं नवीन प्रयोग काढलाय. रोज सकाळी कोऱ्या पांढऱ्या सुताची एक लडी विहिरीत सोडायची, दुसऱ्या दिवशी काढून वर्गातल्या तारेवर वाळत घालायची. "कशाला गं?" विचारलं तर म्हणाली, "बगायला बाई. सूत पाण्यातलं सगळं धरतंय, आजी म्हणती." विणकराचं पोर. साहेबांना दाखवायला छान होईल म्हणून मी हो म्हटलं.

२८ जून, शनिवार

पोटात सारखी आग. ओठांच्या कडेला पुरळ उठलंय. फोनवर सांगितलं तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तपासणी होऊ दे, सगळं बरं होईल." खरंच असेल. भीती माझ्या डोक्यात कधी राहत नाही, थेट पोटात उतरते.

प्रार्थनेला निघाले तर शालूबाई कोकमाचा पेला घेऊन आडवी आली. "बाई, हे घ्या की. पोटाला गार पडतंय. ते पाणी कशाला रोज पितासा? लोकांनी बगितलं की आता, पटलं त्यास्नी."

"अगं, मीच प्यायचं सोडलं तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणत न्हाईत वो."

"शालूबाई, तुला कुणी काही सांगितलंय का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पेला घेऊन परत गेली. म्हणजे माझा संशय खरा! मी ताठ मानेनं अख्खा ग्लास प्याले. आज दोन पालकांनी दाखला काढायला काय लागतं म्हणून विचारलं. दोघंही रंगाचं काम करणारे, नागेंद्रच्या भावकीतले.

आणखी एक. स्वयंपाकघरातलं पिंप सकाळी पाहावं तर काठोकाठ भरलेलं. आमच्या पंपाची पट्टी मात्र कालपासून तुटलीय. शालूबाईला विचारलं, ती म्हणाली, "शेंदून घातलं." एकटीनं? तिची पाठ तर धरलेली असते.

३ जुलै, गुरुवार

तारेवर लड्यांची रांग झालीय. प्रियदर्शनीनं आज मला वर्गात थांबवलं.

"बाई, बगा. मंगळवारी टाकून बुधवारी काढल्याली लडी पांढरी ऱ्हायली. गेल्या खेपंलाबी तसंच झालतं. बाकीच्या अशा."

बाकीच्या किंचित तांबूस होत्या, एखादी निळसरही वाटली. मी चष्मा पुसून पाहिलं. मग तिला समजावलं की पावसात आपली लाल माती धुऊन येते, मंगळवारी पाऊस कमी असेल. चांगलं उत्तर होतं.

"व्हय बाई," ती म्हणाली. जागची हलेना. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

"आणखी काय?"

"काय न्हाय. आमचे बाबा म्हणालेत, लड्या काढून टाक म्हणून."

पाहा! बाप आता मुलीला प्रयोगही करू देत नाही. ज्या माणसानं विहिरीत उतरून गाळ काढला तोच आता शाळा मोडायला निघाला. मी तिला सांगितलं, लड्या राहू देत, साहेबांना दाखवायच्यात. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं कौतुकानं आलं असेल.

७ जुलै, सोमवार

विहिरीचा दोर कुणीतरी कापला. झिजून तुटलेला नाही, कोयत्यानं कापलेला. बादली आत बुडाली.

दोर कापणारा उद्या काय करेल? ऑफिसात खुर्चीवर बसून राहिले. नागेंद्र आला, उभ्यानंच बोलला.

"बाई, ऐका माझं. पावसाळाभर विहीर बंद ठेवूया. झाकण घालून टाकतो मी."

"तपासणी तोंडावर आलीय आणि विहीर बंद?"

"तपासणीचं काय एवढं..."

"नागेंद्र, तुम्हाला त्या इंग्रजी शाळेवाल्यांनी गाठलंय का, खरं सांगा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग निघून गेला. जाताना चप्पल उलटसुलट घातली.

नवा दोर आणि बादली मी स्वतः जाऊन आणली. उद्या पाळणूक, निदान एक दिवस तरी कुणी काही करणार नाही.

१० जुलै, गुरुवार

पंप दुरुस्त झालाय. खालच्या चाळीतली अंजनी तोटीवर भेटली. तिथं सगळी भाडेकरू माणसं, कामासाठी बाहेरून आलेली. म्हणाली, "बाई, पोरांची पोटं लई दुखायलीत. ओकाऱ्या करायलीत." मी म्हटलं, पाणी उकळून प्या, पावसाचे दिवस आहेत.

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. गल्लीतल्या एकाही पोराचं पोट दुखत नाही, ती तर शाळेत हेच पाणी पितात. म्हणजे पाण्याचा दोष नाही. पण मी आजारी आहे. मीही तेच पिते. गल्लीतली पोरं पितात आणि मी पिते, पोरं ठणठणीत आणि मी आणि चाळ... हे गणित सुटत नाही आणि सोडवायची हिंमतही होत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीशी नाही, समोर बसलाय आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळतेय.

तपासणी सोमवारी. सोमवार होऊ दे. मग बघू.

१४ जुलै, सोमवार

नीट क्रमानं लिहिते.

साहेब आले. तिघं होते. पोरांनी कन्नडात गाणं म्हटलं, मराठीत म्हटलं, पाईप दाखवले. गल्लीतली माणसं भिंतीपाशी दाटीनं उभी, चाळीतलीही आलेली. नागेंद्र एका कोपऱ्यात, खाली बघत. साहेबांनी लड्या पाहिल्या आणि विचारलं हे काय. मी लाल मातीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शेवटी विहिरीपाशी आलो. मी ग्लास मागितला. प्रियदर्शनी जागची हलली नाही. मग मीच बादली ओढली, ग्लास भरला आणि म्हणाले, "सर, मी रोज सगळ्यांत आधी पिते."

ग्लास ओठांपर्यंत गेला आणि कुणीतरी माझ्या हातावर फटका मारला. ग्लास फरशीवर खणखणत गेला. जयाबाई. एवढी पिकली बाई, धापा टाकत माझ्यासमोर उभी.

"काय झालं आजी?" साहेबांनी विचारलं.

जयाबाईंनी पदर सावरला. मोठ्यानं म्हणाल्या, "आज पाळणूक हाय साहेब. जत्रंचा वार. आज ह्या विहिरीचं पाणी तोंडाला लावत न्हाईत. बाईंच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

साहेब हसले. "मंगाई देवी? हौदु हौदु, बरोबर बरोबर," म्हणाले. श्रद्धा जपूनही पर्यावरण, असं काहीतरी दुसऱ्यांना सांगितलं. चहा झाला. गाडी गेली.

मी तिथंच उभी. आजूबाजूला सगळीकडे खटक-खटक, खटक-खटक. माग चालू होते. आज सोमवार. ज्या बाईच्या शब्दावर सगळी गल्ली वार धरते, तिनं देवीचा वार खोटा सांगितला होता. देवीच्या नावानं खोटं बोलायला जयाबाईंना काय पडलं असेल, हा विचार मला सोडेना.

मी थेट त्यांच्या घरी गेले. सोप्यात बसवलं. आत रंगाचा उग्र वास. नागेंद्र दारात टेकून उभा.

"पाण्यात काय आहे?" मी विचारलं.

शेवटी जयाबाईच बोलल्या. "आमच्या मागल्या अंगणात आड हाय. नळ आल्यावर आटला. मेला म्हणून सोडून दिलता. भट्टीचं पाणी कुठं टाकायचं? गटारीत सोडलं तर लोक बोंबलत्यात. मग त्यातच सोडाय लागलो. आमचंच न्हवं, गल्लीत ज्याच्या घरी रंग हाय त्येच्या घरी असला एकेक मेलेला आड हाय. कुणी कुणाला सांगत न्हाय, पर ठावं सगळ्यांस्नी."

"मुरत हुतं बाई, खाली जात हुतं," नागेंद्र म्हणाला. "आमाला वाटलं गेलं ते गेलं. तुमी पावसाचं पाणी आत सोडलासा, सगळ्या गल्लीला सोडाय लावलासा. ते आड मेले हुते, तुमच्या पावसानं जिते झाले. यंदाच्या वळवाला खालचं वर आलं, सूत बुडवून बगितलं तवा कळलं."

म्हणजे आम्हीच. पोरांनी आणि मी, पाईप जोडून, घोषणा देऊन.

"आणि पोरं? पोरांचं जेवण?"

"न्हाय, न्हाय!" जयाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "पोरास्नी एक थेंब दिला न्हाय. शाळा सुरू झाली तवापास्नं रोज पहाटंला आमी नळाचं पाणी घागरीनं शालूच्या पिंपात घालतोय. घरात हाय न्हाय ते. अंघोळी सोडल्या, पर पिंप भरलं."

मागचं गेट. पिंप. कोकम. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी सरकारचं माणूस. तुमास्नी कळलं म्हंजे वर कळवावं लागणार. भट्ट्या सील हुणार, माग बंद, आमी कुठं जायाचं? रोज तुमी त्यो ग्लास उचलत हुतासा आणि आमी सगळी बगत हुतो. नागेंद्रनं दोर तोडला, तर तुमी नवा आणलासा!"

त्या हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला राग आला, इतका की भीती कुठल्या कुठं गेली. पण तो ग्लासासाठी नव्हता.

"आणि खालची चाळ?" मी विचारलं. "तोटीवरनं पाणी नेणारी पोरं?"

जयाबाईंनी माझे हात सोडले. नागेंद्र बाहेर निघून गेला.

१५ जुलै, मंगळवार

खरी पाळणूक. सगळं गप्प. मी सकाळी पान्यानं भिंतीबाहेरची तोटी बंद केली, वर तार गुंडाळली. मग चाळीत गेले. अंजनीला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं की विहिरीचं पाणी खराब आहे, भांड्यातलंही ओतून द्या, उकळून चालणार नाही. मीच तिला उकळायला सांगितलं होतं. ती शिवी देईल असं वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं, "मग कुठलं प्यावं बाई?" पोरांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, माझंही रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले बघू. त्यांच्या 'बघू'ला मी फार भिते.

सगळं कळल्यावर हे निपाणीहून लगेच आले. एक शब्द चेष्टेचा बोलले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

१८ जुलै, शुक्रवार

समितीची बैठक झाली. बैठक कसली, रणधुमाळी. "बाई, तुमीच पाणी वर आणलासा," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "उद्याच्याला पोरं काढून घेतो, बसा एकट्याच शाळंत." मी पदराचा पिळा करत उभी होते आणि लिहून आणलेलं सगळं विसरले.

मग जे तोंडाला आलं ते बोलले. "शाळा गेली तर जाऊ दे. पण विष घालून शाळा वाचवली असं मला म्हणायचं नाही. तुम्ही आपली पोरं वाचवलीत, मलाही वाचवायला बघितलंत, उपकार मानते. चाळीतली पोरं कुणी वाचवायची? तीही याच शाळेत येतात की. घरी गेल्यावर ती कुठलं पाणी पीत होती?"

मी पुढं म्हणाले, जत्रेपर्यंत मी वर काही कळवणार नाही. जत्रेनंतर प्रियदर्शनी लडी सोडेल. लडी रंगली तर तक्रारीचा कागद मी स्वतः नेऊन देईन, मग भट्ट्यांबरोबर शाळा गेली तरी चालेल. हे बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. आजच कळवायला हवं होतं असंही वाटतं.

नागेंद्र शेवटी उठला. "पाळणुकीला एक दिवस भट्टी विझवतोय तर पाणी निवळतंय," तो म्हणाला. "म्हंजे करणारं आमीच हाय. दिवाळीपातूर रंगवल्यालं सूत इचलकरंजीचं आणूया. तवर एक पक्का हौद बांधू, सगळ्यांचा मिळून, माझ्या जागंत. आणि सगळे आड उपसायचे. पयला माझा."

"आणि परवडायचं कसं?" मागून आवाज आला. माणसं भांडतच पायऱ्या उतरली.

२२ जुलै, मंगळवार

जत्रा. पावसात भिजत रांगेत उभी राहिले. देवीपुढं गाऱ्हाणं घालताना शाळेसाठी मागायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडून निघालं, "चाळीतल्या पोरांचं पोट बरं कर, आणि जयाबाईंनी सोमवारी वार खोटा सांगितला तो मनावर घेऊ नकोस." शेजारी जयाबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल तर असो.

२४ जुलै, गुरुवार

काल सुट्टी होती. आज शाळा. पहाटेच जाग आली. गल्लीत शिरताना पहिल्यांदा आकाशाकडे बघितलं. माग चालू होते, पण भट्ट्यांवर धूर नव्हता. निदान आज नव्हता.

गेट उघडून उभी राहिले. प्रार्थनेची वेळ होत आली तरी रस्ता रिकामा. दोन घरांची पोरं नव्या गणवेशात इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसून माझ्यासमोरून गेली. त्यातल्या एकानं मला हात केला, आईनं तो खाली ओढला. शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिंप रिकामं ठेवून. मागच्या गेटाकडे आज कुणी फिरकलं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात वळणावर प्रियदर्शनी दिसली. कडेवर भरलेली घागर, पोर एका बाजूला कललेली. तिच्यामागं आणखी पोरं, कुणाच्या हातात कळशी, कुणाकडे डबा, लहानग्यांकडे बाटल्या. मागच्या गेटानं नाही, भर रस्त्यानं, गल्ली बघत असताना पुढच्या गेटातून आत आली. सगळी नव्हती. पण होती.

प्रियदर्शनीनं घागर पिंपात ओतली आणि पुन्हा कडेवर घेतली.

"आता कुठं?"

"दुसरी खेप, बाई. चाळीला. आजीनं सांगितलंय, आधी चाळीचं भर, मग घरचं." जाताना वळून म्हणाली, "आल्यावर लडी टाकती. उद्या बगू."

उद्या. त्या तारेकडे मला उद्या बघायचंय.

प्रार्थना झाली. नेमाची वेळ आली आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. विहिरीवर नागेंद्रनं घातलेलं झाकण होतं. मी पिंपातून ग्लास भरला. गेटाबाहेर जयाबाई काठी टेकून उभ्या होत्या. मी ग्लास ओठांना लावला आणि नकळत थांबले, त्यांच्याकडे पाहिलं.

त्या जागच्या हलल्या नाहीत. मी प्याले.